दोघांनी मिळून केलेलं रेझिलियन्स शिबिर : काय टिकलं, काय वाहून गेलं

रानजाई

'वेलनेस रिट्रीटला जाऊ का' असे धागे अधूनमधून निघतात आणि प्रतिसादांत एक तर आरती ओवाळलेली असते, नाही तर पंचनामा केलेला असतो. आम्ही नवरा-बायको अशाच एका निवासी शिबिराला जाऊन आलो. 'ताण पेलायची ताकद वाढवा' असा त्यांचा दावा. आल्या आल्या लिहायचं मुद्दाम टाळलं. सुट्टीहून परतल्यावर चार-आठ दिवस कुणालाही बरंच वाटतं, आणि कामावर रुजू झालं की तो परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, हे यावर अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. तर ओसरायचं ते ओसरून झाल्यावर लिहितेय. शिबिराचं नाव इथे देणार नाही, व्यक्तिगत निरोपातही देणार नाही.

गेलो का, तर नवऱ्याच्या ऑफिसात कपातीची टांगती तलवार आणि माझ्याकडे आईचं आजारपण. भांडणं अजिबात होत नव्हती. दुसऱ्याला ताप नको म्हणून जो तो आपलं आपलं निस्तरत होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय समजूतदार जोडपं! घरात बोलणं काय, तर बिल भरलं का आणि किल्ली कुठे ठेवलीस.

तिथला दिनक्रम तुम्हाला सांगायला नकोच. पहाटे श्वसन आणि आसनं, मग सत्र, दुपारी मोकळीक, संध्याकाळी जोडप्यांचं काम. मोबाइल आल्या आल्या जमा.

पहिल्या सत्रात शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात केली ती हवाईतल्या कवाई बेटापासून. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती चाळिशीला पोचेपर्यंत माग ठेवला. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरातली व्यसनं, आईवडिलांचे मानसिक आजार अशा कात्रीत वाढलेली. तरी या कात्रीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली कर्तीसवरती झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आईवडीलच असं नाही, आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक, कुणीही. नवरा तिथेच माझ्या कानाशी पुटपुटला, "मग आपण इथे कणखर व्हायला आलोय, की भरवशाचं माणूस व्हायला?"

त्याने गमतीत विचारलं असेल, पण मी पुढे प्रत्येक गोष्ट त्याच प्रश्नावर घासून बघितली. शिबिरातला अर्धाअधिक माल त्यावर टिकला नाही.

न टिकलेल्यातला सगळ्यात दिखाऊ प्रकार म्हणजे बर्फाच्या पाण्याचा टब. नवरा उतरला तेव्हा मी काठावर उभी होते. खांदे थेट कानांपर्यंत गेले, तोंड उघडं, श्वास नुसता आत ओढला जातोय, बाहेर सुटतच नाही. प्रशिक्षक वरून ओरडतोय, "सोडा, सोडा, लांब सोडा!" थोड्या वेळाने खांदे खाली आले. ओठ थरथरतच होते, पण श्वास लयीत लागला. बाहेर आल्यावर स्वारी दिवसभर हवेत. मी उतरले नाही. गार पाण्यात पहिल्या काही क्षणांत श्वास आणि रक्तदाब दोन्ही उसळतात आणि माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे. प्रशिक्षक म्हणे, हा मनाचा अडसर आहे. अडसर नाही हो, अ‍ॅम्लोडिपिन आहे.

बरं, टबात नवरा धीराने बसला हे मान्य. पण तेव्हा मी त्याच्यासाठी काय होते? प्रेक्षक. घरीही तेच तर चाललं होतं.

संध्याकाळचं काम दिसायला अगदी मिळमिळीत होतं. दोन खुर्च्या. एकाने बाहेरच्या कुठल्या तरी ताणाबद्दल बोलायचं. आपल्या दोघांमधल्या कुरबुरी नाहीत, बाहेरचाच ताण. दुसऱ्याने ऐकायचं, कळलं नाही तर विचारायचं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. सल्ला द्यायचा नाही. 'हे कर, ते कर' नाहीच, 'होईल सगळं ठीक' हेसुद्धा इतक्यात नाही.

नवरा बैठकांबद्दल सांगायला लागला. पाच-दहा मिनिटं नुसती ऑफिसची वार्तापत्रं. मग म्हणाला, हल्ली मी लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो. लिफ्टमध्ये साहेब भेटला तर चेहऱ्यावर काय भाव ठेवायचा तेच कळत नाही. माझ्या जिभेवर 'अरे मग दुसरीकडे अर्ज टाक ना' अगदी तयार होतं. बाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी नुसतं बोट वर केलं. मी विचारलं, "म्हणजे रोज सगळे मजले?" तो म्हणाला, "रोज. आणि चढताना, नोकरी गेली तर तुला कसं सांगायचं याची तालीम करतो."

हे मला माहीतच नव्हतं. एकाच घरात राहून.

आता काय टिकलं ते. पहाटेचं श्वसन दोघांचंही सुटलं. कृतज्ञतेची वही त्याची कोरी, माझ्या वहीत वाणसामानाच्या याद्या. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा नियम आठवडाभरही टिकला नसेल. निघताना 'रेझिलियंट कपल' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं होतं, ते कुठे आहे देव जाणे. दोन खुर्च्यांचा प्रकार मात्र चालू आहे. ठरलेला वार नाही. कुणी तरी म्हणतं, 'आज माझी पाळी', आणि दुसरा गप्प बसतो.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

खवचट

थोडक्यात काय, तर 'नवऱ्याचं ऐकून घे' हे शिकायला एवढे पैसे मोजले. आमच्याकडे हे उलट दिशेने फुकटात शिकवलं जातं.

दुपारची_झोप

मोबाइल जमा केल्यावर पहिल्या रात्री नवऱ्याशी काय बोललात ते सविस्तर लिहा. आम्हाला विषय सुचत नाहीत.

रानजाई

@दुपारची_झोप, पहिल्या रात्री काहीच नाही. दोघंही साडेआठला ढाराढूर!

@खवचट, पैसे खरं तर घराबाहेर जागा मिळावी याचे मोजले. घरी खुर्च्या आहेतच, पण घरी कुणी बोट वर करत नाही.

टाचणी

लेख आवडला, पण या धंद्याबद्दल बोलायलाच हवं. माणसं कमी करायची, उरलेल्यांवर दुप्पट काम टाकायचं आणि वर त्यांना रेझिलियन्सच्या शिबिराला पाठवायचं. म्हणजे छत गळतंय ते राहू दे, तुम्ही भिजायची सवय करा. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, बर्नआउटची (कामाने पार पिळून निघण्याची) नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याचा परिणाम, अशी केली आहे. बर्नआउटवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी आयुष्यभर हेच मांडलं : कामाचा बोजा, हातात काही नसणं, मोबदला, सहकाऱ्यांशी संबंध, न्याय, मूल्यं, यांतलं काय बिघडलंय ते आधी बघा. रानजाईचा नवरा टबात बसला म्हणून कपातीची यादी बदलली का?

रानजाई

नाही बदलली. त्या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं आहे, आणि शिबिरात या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही हेही खरं. तिथे सगळा दोष आपल्या 'दृष्टिकोनाचा'. पण जिन्याचं कळल्यावर आम्ही बसून एक पगार थांबला तर किती महिने निघतील याचा हिशेब मांडला. तो आधी दोघंही टाळत होतो. यादी त्यांच्या हातात, हिशेब आमच्या.

अर्धविराम

मी जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

तुमच्या दोन खुर्च्यांचं मूळ बहुधा स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ बोडेनमान यांच्या कामात आहे. त्यांचं म्हणणं असं की बाहेरचा रोजचा किरकोळ ताण नात्यात नकळत झिरपतो. वेळ कमी होतो, बोलणं कामापुरतं उरतं, आणि माणसं समजतात की आपलंच काही तरी बिनसलंय. त्यांच्या प्रशिक्षणात बोलणाऱ्याला घटनेवरून तिच्यामागच्या भावनेपर्यंत उतरू देतात, मगच जोडीदाराने आधार द्यायचा, आणि शेवटी त्या आधाराचा उपयोग झाला का ते बोलणाऱ्याने सांगायचं. हा शेवटचा भाग लोक गाळतात. तुम्हीही त्याचा उल्लेख केला नाहीत. तो नसला की ऐकणारा आपल्या मनाने आधार देत राहतो आणि समोरच्याला हवं असतं भलतंच.

भरवशाच्या माणसाबद्दल. २००६ साली जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि 'आता विजेचा झटका बसू शकतो' अशी खूण दाखवली. कधी नवऱ्याचा हात हातात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या भागांची धावपळ नवऱ्याचा हात असताना सगळ्यात कमी झाली, आणि ज्यांचं वैवाहिक जीवन जास्त समाधानाचं त्यांच्यात आणखी कमी. नमुना छोटा आहे, त्यावर देऊळ बांधू नका. पण टबाच्या काठावर नुसतं उभं राहण्यापेक्षा हात धरायला दिला असता तर प्रयोग निदान जोडप्याचा झाला असता.

टबाचं तत्त्व चुकीचं नाही. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांच्या ताण पेलायला शिकवणाऱ्या पद्धतीतही ताणाचे छोटे डोस असतात. पण आधी आपला ताण कसा चढतो ते ओळखायचं, मग तो उतरवायची कौशल्यं घोटायची, आणि डोस त्यानंतर. शिबिरवाले पहिल्या दोन पायऱ्या उरकून टाकतात, कारण फोटो टबाचा चांगला येतो.

दोन ठिकाणी मात्र हात जोडून सांगते. सगळ्यांसमोर जुने आघात उकरायला लावत असतील तर उठून या. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याने पुढचा पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) टळत नाही, असं वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात निघालं आहे, आणि काही अभ्यासांत तर त्रास वाढलेला दिसला. दुसरं, घरात मारहाण किंवा धाक असेल तर जोडप्यांच्या शिबिराला जाऊच नका. तिथे मोकळेपणाने बोललेल्या वाक्याची वसुली घरी होते. अशा वेळी एकट्याने मदत घ्यायची.

सातवा_मजला

अर्धविराम, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आमची भर. आम्ही दोघं दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथे जवळजवळ सगळा वेळ मौन आणि ध्यान. दुसऱ्या दिवशी बायकोला धडधड, हातापायांना मुंग्या, आपण आपल्या शरीरात नाहीच असं वाटायला लागलं. शिकवणारे म्हणत राहिले, बसून राहा, निघून जाईल. मी तिला बाहेर व्हरांड्यात आणलं, चप्पल काढून फरशीवर पाय टेकायला लावले, समोरच्या झाडाची फांदी न फांदी मोठ्याने मोजायला लावली. हळूहळू ताळ्यावर आली. संध्याकाळी सामान घेऊन परत. आधी पॅनिकचा त्रास झालाय का हे विचारणारा साधा फॉर्मसुद्धा त्यांच्याकडे नव्हता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे काही जगावेगळं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन यांनी ध्यानामुळे होणाऱ्या अशा त्रासांचाच अभ्यास केलाय. आणि जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ध्यानाने ताण हाताळायचा जो कार्यक्रम सुरू केला तो आठ आठवड्यांचा, रोज घरी सराव करायचा. दिवसभराचं मौन येतं ते बरेच आठवडे सराव झाल्यावर. लोक त्यातलं नेमकं मौन उचलतात आणि शनिवार-रविवारात कोंबतात.

रानजाई

बाप रे. आता बरी आहे ना ती? आमच्याकडे फॉर्म होता, पण टबाच्या प्रशिक्षकाने तो वाचलेला नव्हता.

सातवा_मजला

हो, छान आहे. ती म्हणते, शिबिराचा एकमेव फायदा म्हणजे मला फांद्या मोजायला लावता येतं हे तिला कळलं.

पाणकोंबडा

गार पाण्याला एवढं झोडपू नका मंडळी. मी नियमित उतरतो आणि मला मजा येते, एवढं कारण पुरे आहे. पुन्हा पुन्हा उतरलं की तो सुरुवातीचा धसका कमी होत जातो हेही खरं. साहेबांची मेल आली की मात्र मी पूर्वीसारखाच उसळतो.

जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : पाण्यात उतरण्याआधी किंवा पाण्यात असताना जोरजोरात भराभर श्वास घ्यायचे व्यायाम कुणी करायला सांगितले तर अजिबात करू नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा मिळते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. माणसं बुडाली आहेत अशाने. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबाच्या वाटेलाच जाऊ नये. रानजाईने केलं ते बरोबर केलं.

गणिती

@खवचट, फुकटात हवंय ना? एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. १२० जोडपी, दोन वर्षं. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच वैवाहिक समाधान हळूहळू घसरलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी ७ मिनिटं लिहायला लावलं : आपलं नुकतंच झालेलं भांडण, दोघांचंही भलं चिंतणाऱ्या एखाद्या त्रयस्थाला कसं दिसेल? वर्षाकाठी २१ मिनिटं. लिहिणाऱ्यांची घसरण थांबली, बाकीच्यांची चालू राहिली. लक्षात घ्या, थांबली म्हटलंय, प्रेमाला भरती आली असं नाही.

खवचट

त्रयस्थ म्हणून लिहून बघितलं. त्रयस्थही माझ्याच बाजूचा निघाला.

भांडकुदळ

रानजाई, तुमचं न भांडणारं जोडपं. आमचं दोन वाक्यांत पेटतं. खुर्च्या मांडल्या तर खुर्च्या फेकल्या जातील. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

अर्धविराम

@भांडकुदळ, आधी थांबायला शिकायचं. जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत जोडप्यांना भांडणाच्या मधेच थांबवलं. यंत्र जुळवायचंय असं सांगून अर्धा तास मासिकं वाचायला दिली, विषयावर बोलायचं नाही. पुन्हा सुरू केल्यावर हृदयाचे ठोके उतरलेले होते आणि बोलणंही बरंच माणसासारखं झालं. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही, म्हणून ते निदान वीस मिनिटांची सुटी घ्या म्हणतात. यात मेख अशी की त्या वीस मिनिटांत 'आता परत गेल्यावर असं सुनावतो' याची जुळवाजुळव करायची नाही. नाही तर ठोके तिथेच. आणि जाताना परत कधी येणार ते सांगून जायचं. न सांगता उठून गेलं तर समोरच्याला ते दार आपटण्यासारखंच लागतं.

एकांडा

मला जायचंय, बायको ठाम नाही म्हणते. 'आपल्यात काही बिघडलेलं नाही, मग कशाला?' असं तिचं म्हणणं. एकट्याने जाऊन उपयोग होईल का? की तिला कसंबसं राजी करू?

टाचणी

राजी करून नेलेलं माणूस तिथे घड्याळ बघत बसतं. मी बघितलंय, कारण ते माणूस मीच.

रानजाई

@एकांडा, एकटे गेलात तर श्वसन, आसनं, झोप, सगळं मिळेल. पण तुम्हाला नक्की काय हवंय? विश्रांती हवी असेल तर खुशाल एकटे जा, त्यासाठी वहिनींच्या परवानगीपलीकडे काही लागत नाही. दोघांमधलं बोलणं हवं असेल तर शिबिर सोडून द्या आणि आज रात्री त्यांच्या ताणाबद्दल विचारा. तुमचा नाही, त्यांचा. आणि 'बिघडलेलं नाही' हे त्यांचं खरंही असू शकतं हो.

एकांडा

विचारलं. "आत्ता कशाला विचारतोयस, काय केलंस?" असं उत्तर आलं.

दुपारची_झोप

😂😂 धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद.

माझा खरोखरचा प्रश्न : आमचे 'हे' ऐकतात, पण ऐकता ऐकता झोपतात. रात्री जेवणं झाल्यावरच वेळ मिळतो. सल्ला देत नाहीत, नियम पाळतात म्हणा, पण घोरतात.

रानजाई

आमच्याकडेही झालंय हे. आता बसून करतच नाही, चालायला बाहेर पडतो. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलणं शिबिरात जमलं, घरी दोघांनाही हसू फुटायचं. चालताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते, त्यामुळे अवघड वाक्य तोंडातून सुटतं आणि समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. अर्धविराम यांनी सांगितलेला शेवटचा भाग, म्हणजे 'उपयोग झाला का' विचारणं, ते परत येताना जमेल असं वाटतंय, आजपासून करून बघतो. पाऊस असेल तर जिना आहेच, नवऱ्याला सवय आहे.